दुर्लक्ष अधिकारी पाहिजे

जगात आजवर घरात ठेवलेली जेवढी झाडं मेली, त्यांतली निम्मी प्रेमाने मेली. उरलेल्या निम्म्यांची चौकशी चालू आहे. (चौकशीतही प्रेमाचाच हात निघेल असं आमच्या साहेबांचं मत आहे, पण चौकशी पुरी होईपर्यंत साहेब मत देत नाहीत, आणि पुरी झाल्यावर ते बदलून गेलेले असतात.)

हे सत्य आमच्या कार्यालयाला उशिरा कळलं, पण कळल्यावर कार्यालयाने त्याचं सोनं केलं. ते कसं, हे लिहून ठेवणं मी माझं कर्तव्य समजतो. शिवाय दुसरं काही काम नाही.

आमचा विभाग तक्रारींचा. म्हणजे लोक तक्रारी आणतात आणि आम्ही विभाग आहोत. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि अख्ख्या इमारतीत सकाळचं ऊन येतं ते फक्त आमच्या खिडकीतून. ही खिडकी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. लेखा विभागाने तर एकदा ऊन आळीपाळीने वाटून घ्यावं असा प्रस्ताव दिला होता. याउलट तळघर. तिथे पूर्वी जुनी दप्तरं ठेवत. पण तिथे एवढी ओल की दप्तरांनीच बदली मागून घेतली, आणि तेव्हापासून तळघर रिकामं आहे व वरच्या प्रत्येकाच्या स्वप्नात येतं.

तर एके दिवशी मोठ्या बाई आमच्या खोलीत आल्या. मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या सर्वोच्च अधिकारी. (उंचीने त्या लहान आहेत, पण तसं अजून कुणी लेखी दिलेलं नाही.) त्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला निघाल्या होत्या, विषय होता वेळेची बचत. त्यांच्या हातात एक कुंडी होती आणि कुंडीत जाड जाड पानांचं, गुलाबाच्या फुलासारखं गोल बसलेलं, मूठभर काहीतरी. झाड म्हणावं तर उंची नाही, फूल म्हणावं तर वास नाही.

"अय्या, कोबीचं बाळ!" आमच्या टंकलेखिका बाई म्हणाल्या.

"सक्युलंट म्हणतात याला," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझा फार जीव आहे त्याच्यावर. तुमच्याकडे ऊन आहे म्हणून ठेवतेय. मी परत येईन तेव्हा हे असलं तर खिडकी तुमची. नसलं, तर तळघर रिकामंच आहे." आणि हसल्या. मोठ्या बाई हसल्या की आम्हीही हसतो, तसे हसलो. शिपाईमामांचं हसू मात्र मध्येच बंद पडलं, कारण ओलीत त्यांचे गुडघे धरतात.

झाड जगवायचं म्हटल्यावर समिती आलीच. तिचं नाव संवर्धन समिती. साहेब अध्यक्ष, बाकी सगळे सदस्य. समितीने पहिल्याच बैठकीत एकमताने ठरवलं की झाडाला पाणी घालायचं. कुणी घालायचं यावर मतभेद झाले, म्हणून सगळ्यांनी घालायचं ठरलं.

साहेब रोज सकाळी हात धुऊन, सर्वांच्या देखत, अर्धा पेला पाणी घालत. ते घालत असताना आम्ही उभे राहत असू. टंकलेखिका बाई येता-जाता आपल्या बाटलीतला शेवटचा घोट त्याला देत, कारण तहानलेल्याला नाही म्हणू नये असं त्यांच्या सासूबाईंनी त्यांना शिकवलं होतं, आणि सासूबाईंची त्यांनी ऐकलेली ही एकच गोष्ट. शिपाईमामा चहाचे पेले विसळलेलं पाणी ओतत. मी फक्त चमचाभर घालत असे. (चमचा वाढायचा होता.) तक्रारी घेऊन आलेले लोकसुद्धा बसून बसून अवघडले की उठून आपल्या बाटलीतलं थोडं घालत, आणि परत बसत. या काळात झाडाला दररोज सरासरी एकोणीस वेळा पाणी मिळालं. इमारतीच्या नळाला त्याच काळात दिवसातून दोनदा पाणी येत होतं, यावरून आमची निष्ठा कळावी.

पानं फुगली. समितीने 'तब्येत सुधारली' अशी नोंद केली. मग पानांतून पलीकडचं दिसू लागलं. मग ती एकेक करून गळायला लागली. समितीने 'झाड वजन कमी करीत आहे' अशी नोंद केली आणि पाणी वाढवलं.

गळलेली पानं शिपाईमामा उचलत आणि तक्रारपेटीत टाकत. याचं कुणाला नवल वाटू नये. कचऱ्याची बादली मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, गुडघे हे असे, आणि तक्रारपेटी खिडकीच्या कट्ट्यावर, हाताशी. पेटीला पुढून काच आहे, म्हणजे लोकांच्या तक्रारींचं काय होतं ते लोकांना उघड दिसावं. ती शेवटची कधी उघडली ते सांगता येत नाही, कारण किल्ली तिच्या आत आहे.

शेवटी कुंडीत पाचच पानं उरली तेव्हा साहेबांनी आपल्या मेव्हणीला फोन लावला. या मेव्हणीकडे असली पुष्कळ रोपं आहेत आणि त्याहून पुष्कळ मतं आहेत. साहेबांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला, आणि मग त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

"भावजी! पाणी? रोज? अहो, तुम्हाला ताईने कसं काय अजून घरात ठेवलंय?" मेव्हणी म्हणाल्या. "त्याला काही नको असतं हो. पोटात पाणी साठवून बसलेलं असतं ते बिचारं. ऊन दाखवा आणि विसरून जा. सारखं बघायचं नाही, हात लावायचा नाही, लाड तर मुळीच नाहीत. दुर्लक्ष करा, दुर्लक्ष! मी माझी सगळी अशीच वाढवली."

साहेबांनी 'दुर्लक्ष' हा शब्द लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता वरवर पाहणाऱ्याला वाटेल, दुर्लक्ष करणं काय, सोपं आहे. करून बघा. 'झाडाकडे कोणीही बघू नये' असं परिपत्रक दुसऱ्याच दिवशी निघालं आणि त्या दिवसापासून झाडाखेरीज कुणाला काही दिसेनासं झालं. टंकलेखिका बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या आणि दर दोन ओळींनी विचारू लागल्या, "कुणी बघत नाहीये ना हो? ठीक आहे ना ते?" साहेब झाडासमोरून जाताना डोळ्यांवर फाईल धरत, त्यात ते दोनदा कपाटावर आदळले. शिपाईमामांचं मन मऊ. "मुकं आहे बिचारं," असं म्हणून कुणी नसताना ते हळूच पेला ओतायचे. मन घट्ट करून एखाद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, की माणूस दिवसभर त्याच्याचकडे बघत असतो. लग्न जमलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

तेव्हा हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे हे स्पष्ट झालं. इथे उपजत देणगी असलेला, मुरलेला माणूस हवा होता. साहेबांनी तो इतर विभागांत शोधला, निवृत्तांत शोधला, आणि काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं झालं. माणूस आमच्याच खोलीत, खिडकीखालच्याच टेबलाशी, झाडापासून वीतभर अंतरावर बसलेला होता. झाड आल्याचं त्याला अजून ठाऊक नव्हतं.

हे आमचे मुख्य लिपिक, बघूया.

बघूया हे त्यांचं नाव नव्हे. नाव पगारपत्रकात असेल. पण कुणीही काहीही घेऊन आलं तरी ते मान न उचलता "बघूया" म्हणतात, म्हणून सगळे त्यांना बघूयाच म्हणतात, आणि हाक मारली तरी ते तेच म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली शिकलो याचा मला अभिमान आहे. नाही म्हटलं की माणूस भांडतो. हो म्हटलं की माणूस परत येतो. बघूया म्हटलं की माणूस घरी जाऊन वाट बघतो. एवढी साधी गोष्ट, पण ती शोधून काढायला माणूस जन्माला यावा लागतो. एकदा त्यांच्या टेबलाखालच्या रद्दीने पेट घेतला. "अहो, धूर!" मी ओरडलो. "बघूया," ते म्हणाले. आणि खरोखरच थोड्या वेळाने धूर कंटाळून निघून गेला.

"हे झाड तुमच्या टेबलावर ठेवलं तर चालेल ना?" साहेबांनी अदबीने विचारलं.

"बघूया," ते म्हणाले, आणि वर न बघताच त्यांनी कुंडीवर चष्म्याचं घर ठेवलं.

त्या दिवसापासून झाडाला पालवी फुटली. खोटं नाही सांगत. पानं घट्ट झाली, रंग चढला, मधून नवी कोवळी पानं वर आली. महिन्यातून एखाद वेळ बघूयांचा धक्का लागून पेला कलंडे. मेव्हणी म्हणाल्या, एवढंच लागतं. आम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकून आपापल्या कामाला लागलो, म्हणजे पूर्वी लागत नव्हतो तसेच परत लागलो नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कुणी चांगलं काम करताना दिसलं की त्याला पद दिल्याशिवाय कार्यालयाला राहवत नाही. बघूयांना 'दुर्लक्ष अधिकारी' नेमण्यात आलं. टेबलावर पाटी आली. आणि पद आलं म्हणजे अहवाल आला. दर आठवड्याला, झाडाकडे समाधानकारक दुर्लक्ष झालं किंवा कसं, याचा अहवाल बघूयांनी द्यायचा. आता अहवाल द्यायचा तर झाडाकडे बघावं लागणार, हे मी भीत भीत साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "बघितल्याशिवाय दुर्लक्ष झालंय की नाही ते कळणार कसं?" याला उत्तर नव्हतं, आणि ज्याला उत्तर नाही त्याला आमच्याकडे नियम म्हणतात.

पहिला अहवाल आला: 'झाड आहे.' आदर्श अहवाल होता. नवीन लोकांना दाखवायला मी त्याची प्रत काढून ठेवली.

दुसरा आला: 'झाड आहे. डाव्या अंगाचं एक पान इतरांपेक्षा लहान वाटतं.' साहेबांनी 'वाटतं' या शब्दाखाली रेघ मारली.

तिसरा आला: 'लहान पान मोठं झालं. सकाळच्या उन्हात पानांच्या कडेला गुलाबी रेघ येते. इतक्या वर्षांत अशी रेघ पाहिली नव्हती. घरी सांगितलं.'

साहेबांचा चेहरा पडला. अहवालात 'घरी सांगितलं' हे कशाला?

लक्ष देणं हा संसर्ग आहे. झाडापुरतंच द्यायचं म्हटलं तरी ते पसरतं. एके दिवशी बघूयांनी मान वर केली आणि शिपाईमामांना विचारलं, "काय मामा, गुडघा कसा आहे?" मामांनी भिंतीचा आधार घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाजणारा फोन उचलला. पलीकडच्या माणसाने घाबरून "माफ करा, चुकून लागला" म्हणून ठेवून दिला. आणि तिसऱ्या दिवशी, सांगायला जीभ रेटत नाही, त्यांनी एक तक्रार वाचली. गल्लीतला दिवा बंद असल्याची होती. वाचून ते गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण त्यांनी संबंधितांना फोन केला, आणि दिवा लागला.

ज्यांची तक्रार होती ते गृहस्थ आठवडाभरात तणतणत आले. "अहो, तो दिवा लागला!"

"तुमचीच तक्रार होती ना?" बघूयांनी त्यांना खुर्ची देत विचारलं. (खुर्ची दिली. ही गोष्ट नंतर आरोपपत्रात आली.)

"होती, पण नऊ वर्षांपूर्वी! आमची मुलं त्या काळोखात लहानाची मोठी झाली हो. आता लख्ख उजेडात समोरच्या घराचा रंग दिसतो. पोपटी आहे! झोप नाही डोळ्याला. तुम्ही लोक असं एकदम काही कराल याची कल्पना द्यायला नको?"

"बरोबर आहे तुमचं. लगेच पाहतो," बघूया म्हणाले. लगेच! मी कानांत बोटं घातली.

पाहता पाहता बारा तक्रारींचं निवारण झालं. गावात बोभाटा झाला. पूर्वी आमच्या खोलीत दिवसाला चार माणसं येत; आता जिन्यापर्यंत रांग लागू लागली. आशा ही फार वाईट गोष्ट आहे, ती एकाला लागली की शेजाऱ्यालाही लागते. आणि इकडे झाड? इकडे झाडाच्या पानांतून पुन्हा पलीकडचं दिसू लागलं होतं. बघूया घरून उकळून गार केलेलं पाणी आणून त्याला घालत होते. टंकलेखिका बाईंनी त्यांना कुंडीवर वाकून "झोप लागली का रे?" असं विचारताना स्वतः ऐकलं. साहेबांनी कुंडी काढून घेतली तर बघूया म्हणाले, "नका हो, एकटं पडतं ते," आणि ज्या नजरेने बघितलं ती बघून साहेबांनीच कुंडी परत ठेवली.

मोठ्या बाई यायला महिना उरला होता. शिपाईमामा एकदा तळघराच्या जिन्यावर चार पायऱ्या उतरून, गुडघा चाचपून वर आले. शेवटी साहेबांनी निर्वाणीचा उपाय म्हणून वहिनींना बोलावून घेतलं. वहिनी म्हणजे बघूयांच्या पत्नी. ज्यांनी ते दुर्लक्ष इतकी वर्षं जवळून पाहिलं, त्यांनाच ते परत कसं आणायचं हे ठाऊक असणार, असा साहेबांचा हिशेब.

वहिनी आल्या. कापडी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या. मी टिपण घ्यायला बसलो. बघूयांना लेखा विभागात पाठवलं होतं. (तिथेही त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, असं नंतर कळलं.)

"वहिनी, पूर्वी हे घरी कसे होते?" साहेबांनी सुरुवात केली.

"कसे म्हणजे? होते."

"जरा तपशिलात सांगाल?"

"तपशील कसला त्यात? मी एकदा पंधरा दिवस माहेरी राहून परत आले. दारात उभी राहिले, पिशव्या घेऊन. तर वर्तमानपत्रातून म्हणाले, 'दार लोटून घे, वारा येतो.' मी गेले होते हेच माहीत नव्हतं."

"वा!" साहेबांच्या तोंडून निघून गेलं. मलाही लिहिताना अंगावर काटा आला. काय तो माणूस होता!

"आणि आता?"

वहिनी थोडा वेळ पिशवीचा बंद गुंडाळत बसल्या. "आता परवा जेवताना माझ्याकडे बघत बसले. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, 'तुझ्या हनुवटीवर हा तीळ कधीपासून आहे?' म्हटलं, जन्मापासून. तर म्हणाले, 'छान आहे की.' मी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला हो." वहिनी हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. "मग मी आत जाऊन आरशात बघितला. मलासुद्धा तो असल्याचा विसर पडला होता."

साहेबांनी खाकरून घसा मोकळा केला. "वहिनी, ते सगळं ठीक आहे. पण इथे आमच्या खिडकीचा प्रश्न आहे. तुम्ही घरून थोडं मनावर घेतलंत, म्हणजे त्यांना जरा पूर्वीसारखं..."

"पूर्वीसारखं म्हणजे? त्यांनी माझ्याकडे बघायचं बंद करायचं? त्या कोबीसाठी?"

"तसं नव्हे. पण शांतपणे विचार करा. एवढी वर्षं त्यांनी बघितलं नाही, तरी आपली तब्येत कशी ठणठणीत राहिली! झाडाचं तेच, आपलं तेच. काही जिवांना काही लागतच नाही."

मला वाटतं, साहेबांनी हे बोलायला नको होतं.

"राहिले ना मी," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट उतरलाच. "मेले नाही म्हणजे मला काही नको होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या मेव्हणीने?"

मला फार वाईट वाटलं. (हे टिपणात घेतलेलं नाही.)

वहिनी उठल्या. "तुमचं झाड गेलं तर मला वाईट वाटेल, साहेब. पण नवरा देणार नाही. आत्ता कुठे मिळालाय," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली, आणि जाताना दार लोटून घेतलं.

झाड त्याच आठवड्यात गेलं. सकाळी बघूयांनी हात लावला आणि सगळंच हातात आलं. बघूया ओक्साबोक्शी रडले. ज्या माणसाने धुराला दाद दिली नव्हती तो मूठभर चिखलासाठी रडला, आणि त्यांना रडताना बघून टंकलेखिका बाई रडल्या, मामा रडले, आणि साहेब तळघराच्या आठवणीने रडले. मग तातडीची बैठक झाली. दुसरं झाड आणून ठेवावं, अशी सूचना आली. पण खरेदीला मंजुरी मोठ्या बाईंचीच लागते. कुंडीत खरोखरच कोबी ठेवावा, अशी सूचना आली. ती एक मताने पडली. झाड रजेवर आहे असं सांगावं, ही माझी सूचना. ती अजून विचाराधीन आहे.

मोठ्या बाई उद्या येणार, अशी ती दुपार. आम्ही सामान बांधत होतो. बघूयांना मात्र आता दिसेल ते बघायची खोडच लागली होती. ते खिडकीच्या कट्ट्यापाशी थांबले आणि म्हणाले, "या पेटीत काय आहे?"

माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. बघूयांनी खिशातून रुमाल काढला, काचेवरची धूळ पुसली, आणि मागच्या मागे खुर्चीत बसले.

आत झाड होतं. नुसतं नव्हे, टवटवीत. मामांनी टाकलेल्या पानांतलं एक पान जुन्या तक्रारींच्या पिवळ्या भुग्यात पडून राहिलं होतं. त्याच्या बुडाला मुळं फुटली होती, मुळांवर रोप बसलं होतं, आणि ते काचेतून आलेलं ऊन खात मजेत होतं. गुलाबी रेघेसकट. मेव्हणींना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "होतं की असं, गळलेल्या पानालासुद्धा फुटतं. फक्त त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही." आणि अख्ख्या इमारतीत ज्याच्या वाटेला कुणी म्हणजे कुणीच जात नाही असं एकच ठिकाण होतं. आम्ही उगाच माणूस शोधत बसलो. ज्या गोष्टीला अख्खा विभाग लागतो, ती एकट्या माणसावर सोपवली ही आमची चूक झाली.

मोठ्या बाई आल्या. पेटीसमोर वाकून बघत राहिल्या. "मी दिलं तेव्हा कुंडीत होतं ना?"

"प्रगती झाली, बाई," साहेब म्हणाले.

"आणि जरा लहान वाटतंय."

"आटोपशीर केलंय."

बाई खूश झाल्या. खिडकी आमची राहिली. झाडाला त्रास होऊ नये म्हणून तक्रारपेटी उघडण्यास, हलवण्यास व तिच्याकडे बघण्यास कायमची मनाई करणारा आदेश निघाला. (अंमलबजावणीसाठी काहीच बदलावं लागलं नाही.) ही योजना इतकी पसंत पडली की आता प्रत्येक विभागाच्या तक्रारपेटीत एक पान टाकण्यात येणार आहे. लोकांना कळेल तरी, की आपल्या तक्रारींतून काहीतरी उगवतं.

राहता राहिले बघूया. त्यांच्यावर चार आरोप सिद्ध झाले: बघितलं, विचारलं, ऐकून घेतलं, आणि खुर्ची दिली. त्यांना एकट्याला तळघरात पाठवण्यात आलं. जाताना त्यांनी मामांना गुडघ्यासाठी तेलाची बाटली दिली आणि काचेवर बोटाने हळूच टकटक केलं. तळघरात गेल्यावर ओल कुठून येते ते त्यांनी बघितलं (सवय गेली नाही), नळवाला बोलावला, आणि आता तिथे खडखडीत कोरडं आहे म्हणतात. दुपारी वहिनी डबा घेऊन येतात. दोघं जेवतात आणि काय बोलतात देव जाणे, पण हसण्याचा आवाज जिन्यातून थेट तिसऱ्या मजल्यावर येतो. याबद्दल लेखा विभागाने तक्रार दिली आहे. ती पेटीत आहे.

आता दुर्लक्ष अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे. झाड पेटीत आहे, मग अधिकारी कशाला, असं कुणी विचारील. एकदा निर्माण झालेलं पद रिकामं ठेवता येत नाही, एवढं उत्तर पुरे. उमेदवार प्रौढ, घरदार असलेला असावा. घरात निदान एक माणूस असं असावं, ज्याची तब्येत ठणठणीत आहे आणि ज्याला काही लागत नाही. शिक्षणाची अट नाही. अर्ज करू नये. केल्यास वाचला जाणार नाही.

निवड परीक्षेने होईल आणि परीक्षा उमेदवाराला न सांगता घेतली जाईल. त्याच्या हातात असंच काहीतरी वाचायला दिलं जाईल. वाचत असताना घरातलं कुणीतरी येऊन त्याला काहीतरी विचारील. त्याने मान न उचलता "हं" म्हटलं, की तो उत्तीर्ण.

मघाशी, आमच्या वहिनी डोळे पुसत होत्या त्याच सुमाराला, तुम्हाला काय विचारलं होतं हो?

आठवत नाही ना? अभिनंदन. उद्या सकाळी रुजू व्हा. घरी सांगत बसू नका. त्यांना केव्हाच माहीत आहे.